कलाथिया, फवाऱ्याची बाटली आणि कोल्हापूरची हवा

होळी झाली की मला एक प्रश्न हमखास येतो, व्हॉट्सॲपवर, फोटोसकट. कलाथियाचं (नक्षीदार पानांचं, घरात ठेवायचं शोभेचं झाड) पान, कडा तपकिरी, टोक पापडासारखं कुरकुरीत, आणि खाली लिहिलेलं, "दिवसातनं किती वेळा फवारा मारू?" परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर फोटोबिटो न काढता कुंडीच उचलून खाली आणली. "भावजी, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारालोय बघा, तरी हे करपायलंयच." त्यांना जे सांगितलं तेच जरा नीट लिहून ठेवतो, दर उन्हाळ्यात तेच तेच टाइप करायचा कंटाळा आलाय.

आधीच सांगतो, मी फवाऱ्याच्या विरोधात नाही, माझ्याकडे पण बाटली आहे. पण आपल्या हवेत ती बाटली ज्या कामासाठी लोक विकत घेतात, म्हणजे झाडाभोवतीची हवा दमट करायला, ते काम ती करत नाही, आणि ज्या कामाला ती खरंच उपयोगी आहे ते कोणी करत नाही.

गणित करूया, सोप्पं आहे. आपल्याकडची साधी बेडरूम धरा, १० बाय १२, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर हवा. आता ३० डिग्रीला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरते, त्याच्यावर नाही. म्हणजे अख्खी खोली गच्च भरली तरी जेमतेम एक लिटर. एक लिटर म्हणजे १०० टक्के आर्द्रता, तर १ टक्का म्हणजे १० मिली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळीकडे लागणार आहे.

बाटलीचा खटका एकदा दाबला की अंदाजे एक मिली पाणी उडतं. वहिनी एका वेळी तीसदा दाबतात असं धरू, ३० मिली झालं. त्यातलं निम्मं फरशीवर, थोडं भिंतीवर, थोडं टीव्हीवर, पण आपण मोठ्या मनानं सगळंच्या सगळं वाफ झालं असं धरलं तरी आर्द्रता वाढली ३ टक्के. ते पण खोली डब्यासारखी बंद असेल तर. आपल्याकडं खिडकी उघडी, दार उघडं, वर पंखा पाचवर, बाहेरची कोरडी हवा सारखी आत येतेय, त्या ३ टक्क्यांचा पंधरा-वीस मिनिटांत पत्ता लागत नाही. खोली ३० टक्क्यांवरनं ५० वर न्यायची तर २०० मिली पाणी हवेत जायला पाहिजे, आणि हवा जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा पुन्हा तेवढंच. म्हणजे तासाला दोनशे-दोनशे वेळा खटका दाबत बसायचं. बोट जाग्यावर राहणार नाही.

ह्यावर एक मुद्दा नेहमी निघतो की शिरोळ तालुक्यात पॉलिहाऊसवाले जरबेऱ्याला फॉगर लावतातच की, ते काय खुळे आहेत? नाहीत. पण त्यांचं पॉलिहाऊस झाकलेलं असतं, फॉगर प्रेशरवर चालतात, ठरावीक वेळानं आपोआप सुरू-बंद होतात आणि थेंब इतके बारीक असतात की बरेचसे पानापर्यंत पोचायच्या आत हवेतच विरतात. त्यानं आतलं तापमान पण उतरतं. आपल्या बाटलीचे थेंब जाड, ते पानावर बसतात, ओघळतात आणि खाली सांडतात. पान ओलं झालं म्हणजे हवा ओली झाली असं नव्हे, इथंच सगळी गफलत आहे.

बरं मग पान करपतं कशानं. पानाच्या खालच्या बाजूला, म्हणजे बहुतेक घरातल्या झाडांच्या बाबतीत खालच्याच बाजूला, बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातनं झाड पाण्याची वाफ बाहेर सोडतं आणि मुळातनं नवीन पाणी वर ओढतं. हवा कोरडी असली की वाफ भराभर जाते. आता मुळं जर तेवढ्याच भराभर पाणी देत असतील तर झाडाचं काही बिघडत नाही, ते नुसतं पाणी जास्त पितं. मुळं कमी पडली की मग सगळ्यात लांबचा भाग आधी वाळतो, म्हणजे टोक आणि कडा. मुळं कमी पडायची कारणं ढीगभर, माती कोरडी ठणठणीत झाली असेल, उलट जास्त पाण्यानं मुळं कुजली असतील, कुंडी लहान पडली असेल, किंवा मातीत क्षार साठले असतील. म्हणजे हवा एक निमित्त असते, बऱ्याचदा मूळ दुखणं कुंडीत असतं. वहिनींच्या कुंडीत बोट घातलं तर वरचा अर्धा इंच ओला (तीन वेळच्या फवाऱ्याचा) आणि खाली माती वाळून कुंडीपासनं सुटलेली. वरनं ओलं दिसतंय म्हणून त्या पाणीच घालत नव्हत्या. फवारा मारणाऱ्या घरांत हे लई दिसतं.

क्षाराचं पण बघा. कॉर्पोरेशनचं पाणी नदी-धरणाचं, त्याला फार त्रास नाही. पण उपनगरात, नवीन अपार्टमेंटमध्ये बऱ्याच ठिकाणी बोअर चालते, आणि बोअरचं पाणी जड. बादलीवर, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो ना, तोच थर कुंडीच्या काठावर आणि मातीवर चढतो. त्यात आपण वरनं खत घालतो. कलाथिया, मरांटा, स्पायडर प्लांट ही मंडळी ह्या बाबतीत नाजूक, टोकं लगेच तपकिरी करतात. आणि असलं पाणी फवारलं की पाणी उडून जातं, पांढरे ठिपके पानावर राहतात, मग लोक म्हणतात रोग आला. उपाय साधा आहे, महिन्या-दोन महिन्यातनं एकदा कुंडी मोरीत न्यायची आणि कुंडीच्या आकाराच्या तीन-चारपट साधं पाणी हळूहळू वरनं सोडायचं, खालनं वाहून जाऊ द्यायचं. भोकं मोकळी पाहिजेत मात्र. आरओचं जे पाणी पाइपमधनं बाहेर टाकलं जातं ते ह्या झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, फरशी पुसायला वापरा. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाचं तर सोनंच.

आता मीटर. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर ऑनलाइन तीनशे-पाचशेला मिळतं, तापमान पण दाखवतं. झाडांवर हजार-हजार रुपये घालणाऱ्यांनी आधी हे घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण स्वस्तातली मीटरं पाच-दहा टक्के इकडंतिकडं दाखवतात, म्हणून घरी तपासायची एक युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरायचं, थेंब थेंब पाणी घालून त्याचा ओला रगडा करायचा, पार विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, हा निसर्गाचाच नियम आहे. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर ते ५ नं कमी दाखवतंय, एवढं लक्षात ठेवायचं, झालं.

पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर डोळा ठेवून असतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, पोरासोरांना पण पाठ. मी घरात ह्या मीटरचा आकडा तसा बघतो. ४० च्या खाली गेला की नाजूक झाडांसाठी इशारा, ८० च्या वर गेला की उलट्या बाजूचा इशारा. आणि गंमत अशी की आपल्या गावात दोन्ही बाजू वर्षात हमखास येतात. फेब्रुवारी ते एप्रिल दुपारचा आकडा तिशीच्या आत-बाहेर, मध्येच वळीव झाला की एका तासात पंचाहत्तर, आणि जून संपता संपता जो वर चढतो तो सप्टेंबरपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. पश्चिमेला घाट एवढा जवळ, गगनबावड्याला धो धो कोसळत असतो तेव्हा आपल्याकडं नुसती भुरभुर असली तरी हवा ओलीचिंबच. दिल्ली-बंगळूरच्या लोकांचे व्हिडिओ बघून वर्षभर एकच नियम चालवणाऱ्यांची गाडी इथंच अडकते.

अजून एक, टक्का हा तापमानावर नाचतो. सकाळी १८ डिग्री आणि ७० टक्के असेल, तर तेवढंच पाणी हवेत असताना दुपारी ३६ डिग्री झाल्यावर तोच आकडा २५-२६ वर येतो. पाणी कुठं गेलं नाही, गरम हवेची भूक वाढली. म्हणून उन्हाळ्यात आर्द्रता वाढवायच्या मागं लागण्यापेक्षा झाडाभोवतीचं तापमान कमी करणं कितीतरी सोपं. पश्चिमेच्या खिडकीतलं झाड नुसतं आतल्या भिंतीशी सरकवा, दुपारी पडदा ओढा, पान गार राहिलं की वाफ कमी जाते. फुकटातलं काम आहे, पण त्यात बाटली दाबल्याचं समाधान नाही म्हणून कोणी करत नाही.

पंख्याचं पण तसंच. पानाला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो, पंखा तो सारखा उडवून लावतो. मार्चच्या दुपारी पंख्याच्या बरोबर खाली फर्न लटकवणारी घरं मी बघितलीत, दिसायला भारी दिसतं, दोन आठवड्यांत फर्नचा झाडू होतो.

झाडं एकत्र ठेवायची. पाच-सहा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की एकीची वाफ दुसरीला मिळते, त्या घोळक्यात आकडा थोडा वर राहतो. चमत्कार नाही, पण फुकट आहे. खडे आणि पाणी घातलेली ताटली कुंडीखाली ठेवायचा सल्ला सगळीकडे दिसतो, त्याचं गणित आपलं आपण करा, ताटलीतनं दिवसभरात एखाद-दुसरा ग्लास पाणी उडणार, तेही चोवीस तासांत विभागून. तासाला दहा-पंधरा मिली. म्हणजे एखाद टक्का. ठेवायची तर ठेवा, फक्त कुंडीचं बूड पाण्यात बुडू देऊ नका आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास. डेंग्यूचे दिवस असले की महापालिकेची माणसं घरात येऊन अशी ताटली पहिल्यांदा पालथी करतात, आणि बरोबरच करतात.

ताटलीपेक्षा मला आपलं मडकं आवडतं. शाहूपुरीच्या नाहीतर गंगावेशीच्या कुंभार गल्लीत जायचं, बिनरंगाचं, बिनपॉलिशचं लहान मडकं घ्यायचं, पाणी भरून वर झाकण ठेवून झाडांच्या घोळक्याच्या मधोमध ठेवायचं. पाणी अंगातनं झिरपत राहतं, सगळ्या बाजूनं वाफ होते, आणि आजूबाजूची हवा पण जरा गार होते, माठाचं पाणी गार होतं त्याच कारणानं. झाकण असल्यामुळं डासही नाहीत. माझ्या आईनं हे बघून "घरात पेयाचा माठ फुटलाय तो आण आधी, मग झाडांना आण" असं सुनावलं होतं, त्यामुळं दोन आणावीत.

बाथरूमचं खरं आहे, तिथं आर्द्रता जास्त असते, बॉस्टन फर्न, पीस लिली, सिंगोनियम मजेत राहतात. अट एकच, खिडकी पाहिजे आणि उजेड पाहिजे. झाड उजेडावर जेवतं, वाफेवर नाही. ज्या बाथरूममध्ये दिवसा लाइट लावावा लागतो तिथं प्लास्टिकचं ठेवा, कोण बघतंय.

ह्युमिडिफायर हा एकमेव प्रकार असा आहे जो आकडा खरंच हलवतो. छोटी मशिनं तासाला दोन-तीनशे मिली पाणी हवेत सोडतात, म्हणजे आपल्या हिशेबानं २०-३० टक्क्यांचं काम, खोली बंद असेल तर. पण बाजारात मिळणारी बहुतेक अल्ट्रासॉनिक असतात, ती पाण्याबरोबर पाण्यातले क्षारही हवेत उडवतात, बोअरचं पाणी घातलं की टेबलावर, पानांवर, मोबाइलवर पांढरी पूड. त्यात आरओचं प्यायचं पाणी नाहीतर एसीचं पाणी घालायचं आणि टाकी दर दोन-तीन दिवसांनी घासायची, आत बुळबुळीत थर धरतो तो सगळा आपल्या नाकात जातो. आता एवढं सगळं एका कलाथियासाठी करायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी नाही करत. काचेची दारं असलेलं जुनं कपाट असेल, पूर्वी शोकेस असायचं ना घराघरात, वाट्या-कपबशा आणि सहलीचे फोटो ठेवलेलं, ते रिकामं करून त्यात एक एलईडी पट्टी लावा आणि नाजूक झाडं त्यात ठेवा. जागा लहान, हवा बंदिस्त, ओल्या मातीची वाफच पुरते, बिनमशिनचं ६०-७० टक्के सहज राहतं. दिवसातनं थोडा वेळ दार उघडायचं एवढंच.

कुलर असेल घरात तर तो तासाला लिटरभर-दोन लिटर पाणी उडवतो, झाडांसाठी त्या खोलीत काही वेगळं करायची गरजच नाही, फक्त झोत थेट पानांवर नको. एसीचं उलटं, तो हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो, म्हणून तर त्याच्या पाइपमधनं पाणी ठिबकतं.

आता बाटलीचं खरं काम. उन्हाळ्यात झाडांना सगळ्यात मोठा त्रास कोरड्या हवेचा नसतो, कोरड्या हवेत माजणाऱ्या कोळ्याचा असतो. शेतकऱ्यांना विचारा, वांग्यावर, भेंडीवर, गुलाबावर येतो तो लाल कोळी. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. पानावर सुई टोचल्यासारखे फिकट पिवळे ठिपके, पान निस्तेज, आणि जास्त झाला की पानामागं बारीक जाळी. खात्री करायची असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारा, कागदावर ठिपके चालायला लागले की समजा आलाय. गरम, कोरड्या हवेत आठवड्याभरात ह्याची नवी पिढी तयार होते, म्हणून लोकांना वाटतं एका रात्रीत झाड गेलं. इथं पाणी मारायचं, पण भुरभुर नाही, जोरात, आणि पानाच्या खालच्या बाजूनं. कुंडीला पिशवी बांधून झाड आडवं करून मोरीतल्या जेटनं धुतलं तर सगळ्यात बेस. तीन-चार दिवसांच्या अंतरानं दोन-तीन आठवडे करत राहायचं, कारण अंडी धुतली जात नाहीत सगळी. सोबत निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब भांड्याच्या साबणाचे घालून नीट ढवळून, संध्याकाळी, उन्हात नाही. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा, काही झाडांना सोसत नाही.

बाटलीचं दुसरं काम धूळ. आमच्या रस्त्यावरची धूळ बघता पान आठवड्यातनं एकदा पुसलंच पाहिजे, फवारा मारायचा आणि मऊ ओल्या फडक्यानं पुसायचं, खालनं हाताचा आधार देऊन. नुसतं. दूध लावणारे, खोबरेल लावून चकाकी आणणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून विनंती, पान म्हणजे डोकं नव्हे. तेलावर धूळ अजून बसते. आणि आफ्रिकन व्हायोलेटसारख्या लव असलेल्या पानांना ना फवारा ना फडकं, कोरडा ब्रश फिरवा. खरंच पानातनं पाणी पिणारं झाड म्हणजे एअर प्लांट, टिलँड्सिया, त्याच्या पानावर पाणी शोषणारे खवले असतात. पण त्याला पण फवाऱ्यापेक्षा आठवड्यातनं एकदा अर्धा तास बादलीत बुडवून, उलटं धरून झटकून वाळवणं जास्त मानवतं.

कटिंगला, म्हणजे फांदी कापून नवीन रोप करायला, मात्र आर्द्रता लागतेच लागते, ह्यात वाद नाही. मुळंच नाहीत तर पानातनं गेलेलं पाणी भरून कोण काढणार. तिथं पण फवारा मारत बसायचं नाही, कुंडीवर पारदर्शक पिशवी नाहीतर अर्धी कापलेली बिस्लेरीची बाटली उपडी घालायची. ह्या आयडियेमागं एक भारी गोष्ट आहे. १८२९ च्या सुमाराला लंडनमध्ये नथॅनियल वॉर्ड नावाचा डॉक्टर होता, नेच्यांचा (म्हणजे फर्नचा) नाद, पण कोळशाच्या धुरानं त्याचे नेचे जगायचे नाहीत. त्यानं पतंगाचा कोष बघायला म्हणून बंद बाटलीत ओल्या मातीत ठेवला, आणि त्या मातीत आपोआप नेचा उगवला, बाहेर मरणारा नेचा आत मस्त. मग त्यानं काचेच्या पेट्या केल्या, १८३३ मध्ये त्यातनं झाडं जहाजावरनं सिडनीला पाठवली, महिनोन् महिने समुद्रावर, वाटेत जवळपास पाणी नाही, तरी जगली. १८५० च्या आसपास रॉबर्ट फॉर्च्युननं चीनमधली चहाची रोपं असल्याच पेट्यांतनं हिंदुस्थानात आणली. आपल्या टपरीवरच्या कटिंगचा आणि बाटलीखालच्या कटिंगचा संबंध आहे तो असा.

जून लागला की सगळं चित्र उलटं होतं आणि इथं खरी झाडं मरतात. उन्हाळ्यात पानं खराब होतात, पावसाळ्यात झाड जातं. हवेतच ८५-९० टक्के ओल, पानातनं वाफ जात नाही, झाड पाणी ओढत नाही, कुंडीतली माती आठ-आठ दिवस ओली राहते आणि आपण सवयीनं एक दिवसाआड तांब्या ओततोय. मुळं गुदमरतात, कुजतात, पान पिवळं पडतं, मग माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, अजून एक तांब्या. ह्या दिवसांत बोट दोन इंच खाली घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी नाही. स्नेक प्लांट, झीझी तर महिनाभर विसरलात तरी चालतंय.

आणि बाटली कपाटात. पानावर पाणी तासनतास टिकलं की बुरशीला तेवढंच पाहिजे असतं, काळे-तपकिरी डाग, भोवती पिवळं वलय, ही सगळी त्याचीच लक्षणं. द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही, पान ओलं राहिलं की डावणीच्या, म्हणजे बुरशीच्या रोगाच्या, भीतीनं त्यांची झोप उडते. आपण मात्र घरात मुद्दाम पानं ओली करतो! आता उन्हाळ्यात खेटून ठेवलेल्या कुंड्या लांब लांब करा, पंखा एकवर चालू ठेवा, पिवळी, सडकी पानं काढून टाका, मडकं काढून ठेवा. मातीतनं बारीक काळी चिलटं उडायला लागली तर ती सतत ओल्या मातीची चहाडी असते, वरची माती सुकू द्या, कृषी सेवा केंद्रात पिवळे चिकट सापळे मिळतात त्याचा एक तुकडा कापून कुंडीत खोचा.

पावसाळ्यात सकाळी सकाळी मॉन्स्टेराच्या, मनीप्लांटच्या पानाच्या टोकाला थेंब लटकलेला दिसतो. कोणी म्हणतं झाड रडतंय, कोणी म्हणतं घरात पैसा येणार. रात्री हवा ओली म्हणून वाफ जात नाही आणि माती ओली म्हणून मुळं पाणी वर ढकलतच राहतात, ते जास्तीचं पाणी पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतनं बाहेर येतं. अळवाच्या पानावर बघितलंच असेल. रोज दिसायला लागलं तर पाणी घालणं थोडं थांबवा.

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला पावसाच्या तोंडाला गेलात तर झाडांवर सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) फुललेली दिसते, गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस. तिची मुळं उघड्यावर, फांदीला चिकटलेली, त्यावर पांढरा स्पंजासारखा थर असतो, पाऊस पडला की तो पाणी पितो आणि हिरवा दिसतो, मग वाऱ्यानं वाळतो, मग परत. भिजणं आणि वाळणं, दोन्ही लागतं तिला. नर्सरीतलं ऑर्किड घरी आणून लोक फक्त भिजवायचं काम करतात, दिवसातनं दहादा फुसफुस, आणि बंद खोलीत वारा नाही म्हणून ते वाळतच नाही, गाभ्यात पाणी साठून कुजतं. सकाळी एकदा मुळं चांगली भिजवा, खिडकीतल्या वाऱ्यावर वाळू द्या, मुळं पांढरट दिसली की परत. आणि जंगलातली वेणी ओरबाडून आणू नका, एक तर अभयारण्यात तो गुन्हा आहे आणि दुसरं म्हणजे ती आपल्या बाल्कनीत जगतही नाही, त्या फांदीवरच ती बरी.

शेवटचं, खरेदी. आपल्या नर्सऱ्यांत येणारी बरीच शोभेची झाडं बाहेरनं येतात, पुण्याकडनं, उरुळी कांचनहून, आंध्रात गोदावरीकाठच्या कडियमहून. तिथं ती शेडनेटखाली दमट हवेत वाढलेली असतात, ट्रकमधनं दोन दिवस अंधारात येतात आणि मार्चच्या दुपारी कोल्हापुरात उतरतात. मग आपण घरी नेतो आणि चार पानं करपली की फवारा शोधतो. ती जुनी पानं त्या जुन्या हवेसाठी बनलेली असतात, ती जायचीच, करपलेली कड परत हिरवी होत नाही, कात्रीनं पानाचा आकार धरून कापा आणि नवीन पानाकडं बघा. नवीन पान घरातल्या हवेत उमललं आणि नीट राहिलं तर झाड रुळलं. कलाथिया, मरांटा, फर्न, अँथुरियम घ्यायचंच असेल तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या, त्याला रुळायला चार महिने आयती ओली हवा मिळते, पुढच्या मार्चपर्यंत मुळं कुंडीभर झालेली असतात. मार्चमध्ये हात शिवशिवतच असतील तर रबर प्लांट घ्या, झीझी घ्या, मनीप्लांट घ्या, ह्यांना आपला उन्हाळा म्हणजे किस झाड की पत्ती.

हेच मी आमच्या नर्सरीवाल्या मामांना म्हटलं की मार्चमध्ये कलाथिया कशाला मागवता, मरतात लोकांकडं. मामा कुंड्यांवर पाइप धरून उभे होते, पाइप न हलवता म्हणाले, "आरं मरत्यात म्हणूनच लोक परत येत्यात की."